हो, भंगारच! एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महाशय,

तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुने गेम खेळायला भंगारातल्या भागांतून पेंटियम थ्री प्रोसेसरची मशीन जमवण्यावर मी लेख लिहिला होता. तुम्ही लिहिलंत, ‘बेळगावच्या भंगारात जे सापडलं तेच शहाणपण म्हणून विकू नका. जुन्या गेमसाठी पेंटियम फोर घ्यावा, तो स्वस्त आहे, विंडोज ९८ त्यावरही चालतं. आणि पॉवर सप्लायबद्दल एक अक्षर नाही.’

आधी माझी चूक. ४४० बीएक्स चिपसेटची (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांची) बस, म्हणजे प्रोसेसरशी जोडणाऱ्या वाटेचा वेग, मी १३३ मेगाहर्ट्झ लिहिली होती. इंटेलने ती १०० पर्यंतच दिलेली. १३३ वर चालवली तर एजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट, ६६ ऐवजी ८९ वर पळतो. लेखात दुरुस्ती केलीय. झालं समाधान?

आता ‘भंगार’. हो ओ, भंगारच! २००१ साली वडिलांनी, उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओव्हरटाइम करून, मला सेलेरॉन ३०० ए ची मशीन घेऊन दिली, तीही कुणीतरी वापरून टाकलेली. बस ६६ ची १०० केली आणि तो ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळाला, त्या रात्री मी झोपलो नाही. तेव्हापासून मी भंगारवाल्यांकडं हिंडतोय, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलून घासाघीस करतोय. माझा साऊंड ब्लास्टर १६, म्हणजे आवाजाचं कार्ड, लोखंडी पत्र्यांच्या ढिगाखाली सापडला. टूथब्रशनं घासून गच्चीवर वाळवला. बायको आठवडाभर बोलली नाही. घरबसल्या ऑनलाइन लिलावात बोली लावणाऱ्याला यातलं काय कळणार? आणि ‘बेळगावच्या’ हा शब्द तिथं कशासाठी? (मी बेळगावच म्हणतो, २०१४ पासून पाट्यांवर काहीही असो.) पुण्याच्या भंगारात सापडलं असतं तर ते संशोधन झालं असतं, नाही का?

पेंटियम फोर माझ्याकडंही आहे, माळ्यावर. त्यात आयएसए स्लॉट, म्हणजे साऊंड ब्लास्टर १६ सारखी जुनी कार्डं खोचायची जागा, कुठाय? कारखान्यांसाठी बनवलेले मोजके बोर्ड सोडा. डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरचा) गेम बहुधा साऊंड ब्लास्टरला २२० या पत्त्यावर शोधतो, आयआरक्यू (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ५ किंवा ७. नंतरच्या पीसीआय स्लॉटच्या कार्डाला ते सोंग आणायला वेगळा ड्रायव्हर मेमरीत बसवावा लागतो, तरी काही गेम मुकेच राहतात. शिवाय वेग! टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कितीतरी जुने प्रोग्रॅम वेगवान मशीनवर ‘रनटाइम एरर २००’ देऊन बसतात, कारण वेळ मोजणाऱ्या कोडमधल्या भागाकाराचं उत्तर जागेत मावत नाही. पेंटियम थ्रीवरही येतो तो एरर, ठाऊक आहे मला, लगेच लिहायला बसू नका. पण बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) कॅश, म्हणजे प्रोसेसरची जलद मेमरी, बंद केला की पेंटियम थ्री गुमान जुन्या ३८६ प्रोसेसरच्या चालीवर येतो. पेंटियम फोरवरही कॅश बंद करता येतो म्हणाल. करा की! आवाज कुठून आणणार?

पॉवर सप्लायचं पुढं कधीतरी बघू. जुने बोर्ड ५ व्होल्टच्या लाइनवर जास्त भार टाकतात, नवे सप्लाय तिथं कमी पडतात, वगैरे सगळं वाचलंय. माझा एकच सप्लाय इतकी वर्षं चालतोय. गेल्या पावसाळ्यात थोडा धूर आला, तेवढंच.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा.