पृथ्वी ओल्या कचऱ्यात की सुक्या?

खगोलशास्त्र हा रात्रीचा विषय आणि शाळा भरते सकाळी. इंदूरच्या शाळांतून पोरांना आकाश दाखवत हिंडणाऱ्या माझ्यासारख्या हौशी माणसाचे सगळे भोग इथूनच सुरू होतात. वर्गात अंधार करावा तर पडदे धुवायला गेलेले. म्हणून हल्ली मी वर्गच मैदानात नेतो.

22 सेंटीमीटरचा फुटबॉल म्हणजे सूर्य. त्या मापाने पृथ्वी 2 मिलिमीटरची, मोहरीएवढी, आणि ती ठेवायची 24 मीटरवर. मंगळाला खसखस, गुरूला बोर. नेपच्यून 700 मीटरवर, म्हणजे फाटकाबाहेर, चौक ओलांडून. तिकडे जायला मुलं एका पायावर तयार असतात, कारण तिथे कचोरीवाला उभा असतो. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा याच हिशेबात 6,000 किलोमीटरच्याही पलीकडे. "सर, वहाँ भी चलेंगे?"

परवा मोहरी ठेवून गुरूकडे वळलो, तोवर मागून आरोळी आली, "सर, पृथ्वी तो मौसी ले गई!" 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या गावात जमिनीवर मोहरी टिकणार कशी? मौसी मराठीच निघाल्या. "खायचं होतं ना दादा, ओल्या कचऱ्यात टाकलं," म्हणाल्या. मंगळ वाऱ्याने नेला. गुरू एका पोराने खाल्ला आणि बी पुढे धरून विचारलं, "सर, ये इसका कोर है?" प्रश्न मात्र फक्कड होता! जूनो यानाच्या मोजमापांवरून गुरूचा गाभा असा टणक, वेगळा नाही. तो आजूबाजूच्या थरांत विरघळून पसरल्यासारखा दिसतो. हे सांगेपर्यंत पोरगं नेपच्यूनकडे पळालं होतं.

खरी परीक्षा स्टाफरूममध्ये. पोह्यांची बशी पुढे करत एका मॅडमनी आवाज उतरवला, "सर, आमच्या धाकट्याला शनीची साडेसाती आहे. दुर्बिणीतून काही अंदाज येतो का?"

मी शास्त्राला धरून सांगितलं, की मार्च 2025 मध्ये शनीच्या कड्यांची नुसती पातळ कड पृथ्वीकडे वळली होती, त्यामुळे ती जवळपास दिसेनाशी झाली. शनीचा आस कललेला, सूर्याभोवती फेरी सुमारे 29 वर्षांची. म्हणून दर पंधराएक वर्षांनी असं होतं.

"म्हणजे जोर ओसरला म्हणायचा?"

"नाही हो, आता कडी परत उघडतायत."

"अगं बाई! पूर्ण उघडायला किती वेळ?"

"सात-सव्वासात वर्षं."

मॅडमनी वळून सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बघा! आता तर सायन्सवाले सरही साडेसातीच म्हणतायत."