चौथ्या सीटवरचे सल्लागार

ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये खिडकी मिळण्याची आशा मी केव्हाच सोडली आहे. मांडीवरच्या वर्तमानपत्रातले सुडोकू मला एकट्याला सोडवू द्यावे, एवढेच माझे मागणे असते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या कोड्याचे जनक मानले जाणारे हॉवर्ड गार्न्स हे अमेरिकी वास्तुविशारद होते, आणि ते त्यांनी एका वेळी एकाच माणसासाठी रचले असावे, असा माझा पक्का समज आहे. चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने टेकलेल्या गृहस्थांना तो मान्य नसतो. “तिथे सात टाका,” असे ते माझ्या खांद्यावरून बजावतात, आणि का म्हणून विचारल्यास “वाटतंय तसं,” हे कारण देतात. उत्तर एकच यायचे असेल तर नऊ बाय नऊच्या सुडोकूत किमान १७ अंक आधी दिलेले असावे लागतात, हे सिद्ध करायला गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१२ साली संगणकांवर अफाट आकडेमोड करावी लागली. चौथ्या सीटला एकही अंक पुरतो.

या जाचातून सुटण्यासाठी मी नुरिकाबे हे जपानी कोडे हाती घेतले, कारण ते डब्यात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यात प्रत्येक अंकाभोवती तेवढ्याच चौकटींचे पांढरे बेट ठेवायचे असते आणि उरलेल्या चौकटी काळ्या करून त्यांचा समुद्र करायचा असतो. तो समुद्र सलग हवा, त्यात दोन बाय दोनचा काळा चौकोन कुठेही नको, आणि दोन बेटांच्या कडा एकमेकींना लागता कामा नयेत. हे सगळे मला भांडुप येईपर्यंत तीनही बाकांना समजावून सांगावे लागले.

“बेटं जोडायची नाहीत?” चौथ्या सीटने विचारले. “अहो, सात बेटं जोडली म्हणून तर ही मुंबई झाली! गव्हर्नर हॉर्नबीने वरळीची खिंड बुजवली, तेव्हा असला नियम कुठे होता?”

समोरच्या आजोबांना हे फारच पटले. त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि तिच्या मागच्या रबराने दोन बेटांमधली काळी चौकट पुसली. कुर्ला येईपर्यंत माझ्या सलग समुद्राचे दोन तुकडे झाले होते, आणि परळला उतरणारे दोघेजण उरलेली खाडीही भरून काढावी, या मताचे होते.