कुकरची रिंग आणि नऊ न्यायमूर्ती

प्रेशर कुकरची रिंग ही विचार करून घ्यायची वस्तू नाही. ती कधीतरी सैल होते, वाफ झाकणाच्या कडेने फुसफुसत निघून जाते, शिट्टी काही होत नाही आणि डाळ आपली टणक ती टणक. मग घरातली बाई चार दिवस रिंग गार पाण्यात बुडवून, फ्रीझरमध्ये ठेवून, झाकणाच्या कडेला कणकेची वळी थापून वेळ मारून नेते आणि एका सकाळी जाहीर करते, की आज रिंग आल्याशिवाय कुकर चढणार नाही. आमचे वडील असते तर पुढची गोष्ट दोन वाक्यांत संपली असती. जुनी रिंग पिशवीत टाकून ते भांडीबाजारात गेले असते आणि दुकानदाराने ती डोळ्यांसमोर धरून, खिळ्यावरच्या जुडग्यातून तशीच एक ओढून दिली असती.

मी शिकलेला. मी आधी माहिती काढतो.

आम्ही नाशिककर. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ज्या गावाचं नाव घेतात, त्या गावात सोफ्यावर बसून मी मोबाइलवर रिंग शोधायला घेतली. पहिलाच प्रश्न आला, कुकर किती लिटरचा? आता ज्या कुकरचा भात रोज जेवतो त्याचं माप मला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या बिलाचा फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते मात्र झटकन आठवलं. यात माझा एकट्याचा दोष नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात यावरचे प्रयोग छापले होते. गोष्ट पुन्हा कधीही सापडेल असं वाटलं, की माणूस ती गोष्ट लक्षात ठेवत नाही, ती कुठे ठेवली आहे तेवढं लक्षात ठेवतो. हे मी सौभाग्यवतींना स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

"पाच लिटर," ती म्हणाली. "त्याला अमेरिकेत प्रयोग कशाला करायला हवेत? मला विचारायचं."

माप कळलं, पण मोबाइलचं समाधान होईना. आतल्या झाकणाचा की बाहेरच्या? काळी रबरी की पांढरी सिलिकॉनची? मूळ कंपनीची की मूळ कंपनीसारखी? एकेरी की तीनच्या संचात? कुठलीही रिंग निवडली, की तिच्याखाली "हिच्यासोबत लोकांनी हेही घेतलं" म्हणून शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, ढोकळ्याचं पात्र आणि का कोण जाणे, योगासनांची चटई. शेवटी मी अभिप्रायांकडे वळलो. एका बाईंनी पाच तारे देऊन लिहिलं होतं, "छान आहे, अजून लावून पाहिली नाही." एका गृहस्थांचा एकच तारा होता. कारण, "रिंग उत्तम, पण देणारा मुलगा तिसऱ्या मजल्यावर आला नाही." आणखी कुणीतरी "नाइस प्रॉडक्ट" एवढंच म्हणून खाली प्लास्टिकच्या खुर्चीचा फोटो जोडला होता. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठीसुद्धा मानक काढलं आहे, आयएस १९०००. फक्त कुकरला आयएसआयचा शिक्का सक्तीचा आणि अभिप्रायांचं मानक ऐच्छिक. घोडं पेंड खातं ते इथंच.

तरी मी ते सगळे अभिप्राय वाचले. नुसते वाचले नाहीत, मनावर घेतले. दुपारपर्यंत माझी खात्री झाली होती की सिलिकॉनच्या रिंगला पहिले काही दिवस वास येतो, आणि संध्याकाळपर्यंत मला तो वास यायलाही लागला. वडिलांना दुकानदाराने दिलेली रिंग चांगली की वाईट, ते रात्रीच्या भाताला कळायचं. मला ती बघण्याआधीच तिच्याबद्दल इतकी मतं झाली होती, की प्रत्यक्ष रिंगची तशी गरजच उरली नव्हती.

मग घाई सुरू झाली. "फक्त २ शिल्लक!" असं लाल अक्षरांत आलं. लगेच "आत्ता ३१ जण ही रिंग पाहत आहेत." कामधंदा सोडून, एकतीस माणसं पाच लिटरच्या रिंगवर टपून बसली आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि खरं सांगतो, मला त्यांच्याविषयी द्वेष वाटला. अशा चलाख्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत काहीतरी सरकवणं, किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणं, गिऱ्हाइकाला लाजवणं, सगळं त्यात आहे. मला त्या यादीची उजळणीच झाली. नव्व्याण्णव रुपयांची रिंग. त्यावर हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, घरपोच शुल्क आणि रिंगचा विमा. हो, रिंगचा! त्यावरची बरोबरची खूण काढायला गेलो तर बटणावर लिहिलेलं, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत." पोस्टात आरडी चालू असलेल्या माणसाकडून असला कबुलीजबाब लिहून घेतात!

तरीही मी घेतली असती. पण पैसे भरायच्या आधी ॲपने विचारलं, की तुमच्या फोनमधले सगळे नंबर पाहू का? रिंग मला हवी होती. तिच्यासाठी माझ्या संगमनेरच्या मामेबहिणीचा नंबर यांना कशाला? २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, की संमती मोकळेपणाने, नेमक्या कामापुरती, माहिती देऊन आणि विनाअट घेतलेली असावी. कायद्यात उदाहरणसुद्धा अगदी हेच आहे. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर मागितले आणि बाईने 'हो' म्हटलं, तरी सल्ल्यासाठी ते नंबर लागत नसल्यामुळे तो होकार तिथे धरला जात नाही. वाचून मला भरून आलं. मी बाणेदारपणे 'नाही' दाबलं. ॲपही बाणेदार निघालं. ते बंद पडलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. बातम्या उघडल्या, रिंग. पंचांग उघडलं, एकादशीच्या शेजारी रिंग. मेव्हण्याच्या मुलीसाठी स्थळं पाहत होतो, तर मुलाच्या फोटोखाली "आता तरी घ्या, १५ टक्के सूट". क्षणभर मला ते मुलाबद्दलच वाटलं. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू मोंटुली नावाच्या तरुणाने 'कुकी', म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, काढली ती चांगल्या हेतूने. तोवर वेबवरच्या दुकानाला तुम्ही मघाशी टोपलीत काय टाकलं होतं तेही आठवत नसे, ते आठवावं एवढाच उद्देश. आता विसरत कसं नाही हा प्रश्न आहे. आपण पान उघडतो आणि ते दिसेपर्यंतच्या पापणी लवायच्या आत, त्यावरच्या रिकाम्या चौकोनात आपल्याला कोण काय दाखवणार याची बोली लागते. लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिला असेल तर कल्पना येईल, फरक एवढाच की इथे ट्रॉलीत मी. आणि कांदेवाल्याला भाव पटला नाही तर तो दोन शिव्या देऊन गाडी परत तरी नेतो, विकला तर हातात हिशोबपट्टी पडते. मी कितीला गेलो हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. रिंगच्या खटपटीवरून अंदाज बांधला तर फार आला नसणार.

संध्याकाळी शेवटी चप्पल घातली. भांडीबाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून कॉलेज रोडकडच्या एका चकाचक वातानुकूलित दुकानात गेलो. रिंग मिळाली. पाच लिटर, आतल्या झाकणाची, वासाची शंका फेडायला मी ती हुंगूनही पाहिली. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "मोबाइल नंबर?"

"कशाला?"

"बिलाला लागतो सर."

मी याच क्षणाची वाट पाहत होतो. मी तिला सांगितलं, की बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मागे लागून नंबर घेऊ नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे. ती म्हणाली, "सिस्टिम पुढे जात नाही सर." मग मी पुट्टस्वामी काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, वयाची ऐंशी उलटल्यावर आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, राज्यघटनेचं एकविसावं कलम...

"अहो काका," मागून आवाज आला. भरलेली ट्रॉली, त्यात वर बसवलेलं लहान पोर, आणि पोराच्या हातात फुटलेलं वेफर्सचं पाकीट. "द्या ना नंबर. दहा तर आकडे आहेत."

"प्रश्न आकड्यांचा नाही."

"मग माझा घाला," तो म्हणाला, आणि भर दुकानात खणखणीत आवाजात स्वतःचा नंबर सांगू लागला. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने दिलेली गोष्ट हा माणूस रांग सरकावी म्हणून वाटून टाकत होता! परक्याचा नंबर वापरणं माझ्या तत्त्वात बसेना. मी साडूचा सांगितला.

साडू म्हणजे नाशिकरोडचे आमचे भाऊसाहेब, प्रेसमधून निवृत्त झालेले. दिवसभर फोन हातात, आणि कुणाचाही आला तरी घेतात.

घरी आलो तर कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गॅस बंद झालेला. बायको दुपारीच भांडीबाजारात जाऊन आली होती. नंबर वगैरे कुणी विचारला नाही. "माप तेवढं विचारलं," म्हणाली.

तर माझी रिंग आता कपाटात आहे आणि मोबाइलला मी रिंग घेतल्याचं अजून ठाऊक नाही; घेतली ती भाऊसाहेबांनी, असा दुकानाचा समज आहे. त्यामुळे भाऊसाहेबांना आधी मोठ्या कुकरच्या ऑफर आल्या, मग चाळीस माणसांच्या इडलीपात्राच्या, मग स्टीलच्या काउंटरच्या. त्यांनी प्रत्येक फोनवर आस्थेने चौकशी केली. चौकशी केली म्हणून त्यांचं नाव गरजू गिऱ्हाइकांत गेलं आणि मागच्या आठवड्यात एका मुलीने त्यांना, "सर, आपल्या केटरिंग व्यवसायासाठी कर्ज मंजूर होऊ शकतं," असं सांगितलं.

काल मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, यांच्या डोक्यात हे कुणी घातलं? देवळाली कॅम्पात गाळा बघून आलेत. अनामत भरायची म्हणतात."

मी फोन बायकोकडे दिला. ती बराच वेळ नुसतं "हं... हं" करत होती. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली.

"भाऊसाहेब विचारतायत, जागा पन्नास माणसांची आहे. पाच लिटरचा कुकर पुरेल का?"