बोटं हलतात, तरी नस तुटलेली असू शकते

एक मेसेज फिरतोय: ‘हातापायाची नस दुखावली तर घाबरू नका. बोटं हलताहेत म्हणजे नस शाबूत आहे. गरम तेलाने मालिश करा, बी-१२ घ्या, वर्षभर थांबा, नस आपोआप जुळते. ऑपरेशन केलं तर उरलीसुरली ताकदही जाते.’ कुणाला तरी थांबून बरं वाटलेलं असतं, म्हणून असे मेसेज पटतात. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर स्पर्शाचे आणि हालचालीचे संदेश नेणारी नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू.

‘बोटं हलतात म्हणजे नस शाबूत.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. काचेने मनगट कापून मीडियन नर्व्ह (मनगटाच्या मधोमध तळहातात जाणारी नस) पूर्ण तुटली तरी मूठ वळते, कारण बोटं वाकवणारे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्याकडे जाणारे फाटे मनगटाच्या बरेच वर फुटलेले असतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मात्र बधिर होतं, अंगठा बोटांसमोर आणता येत नाही. अल्नर नर्व्ह (करंगळीच्या बाजूची नस) तुटली तर करंगळी बधिर होते, बोटं फाकवता येत नाहीत. म्हणून भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधीच बोटांच्या टोकांना स्पर्श कळतोय का, हे पाहायचं असतं. टाके पडले की हे राहून गेलेलं महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

‘वर्षभर थांबा.’ हे अर्धं खरं, तेही फक्त एका प्रकारच्या इजेत. ब्रिटिश सर्जन हर्बर्ट सेडन यांनी १९४३ साली तीन प्रकार सांगितले. पहिल्यात नस नुसती दबलेली असते. ती साधारण काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत सावरते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपल्यावर लुळं पडलेलं मनगट बहुधा यातलंच. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात, पण आवरण बरंचसं टिकतं. तंतू त्यातूनच दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. तिसऱ्यात नस आरपार तुटते आणि टोकं सहसा आपली आपण नीट जुळत नाहीत.

आता हिशेब करा. काखेपासून तळहातापर्यंत ६० सेंटीमीटर धरले तर ६०० दिवस. नसेशी संबंध तुटलेला स्नायू मात्र साधारण १२ ते १८ महिन्यांनी प्रतिसाद द्यायच्या पलीकडे जातो. धारदार वस्तूने कापलेली नस शक्यतो काही दिवसांतच शिवायची, ती म्हणूनच. मुका मार असेल तर डॉक्टरही थांबतात, पण पुन्हापुन्हा तपासत. ईएमजी (स्नायूतले विद्युत संकेत मोजणारी तपासणी) पहिल्या दिवशी नॉर्मल आली तरी हुरळू नये. स्नायूतले बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

मालिशने तुटलेली टोकं जुळत नाहीत. सांधे आखडू नयेत म्हणून ते रोज हलवणं गरजेचं, पण बधिर कातडीवर गरम तेल किंवा शेक म्हणजे भाजल्याचंही न कळणं. बी-१२ कमी असेल तर जरूर घ्यावं.

राहिलं ऑपरेशन. जोखीम असतेच. पण तुटलेल्या नसेत वाचवायची ताकद उरलेलीच नसते. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने टोकं शिवतात. मध्ये अंतर पडलं असेल तर पायाच्या पोटरीतली संवेदनेची नस घेऊन जोडतात, त्याबदल्यात पावलाची बाहेरची कड थोडी बधिर राहते. फार उशीर झाला असेल तरी एखाद्या चालत्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) वळवून मनगट किंवा पाऊल वर उचलायची सोय करता येते; गेलेली संवेदना मात्र त्याने परत येत नाही.