‘बुरशीभक्ती’बद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

झाडांच्या मुळांत राहून त्यांना स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी आणि बदल्यात साखर घेणारी एक बुरशी असते, आर्बस्क्युलर मायकोरायझा. खाऱ्या जमिनीतल्या मुळांना तिची कशी मदत होते यावर लिहिलेल्या माझ्या लेखाला एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. टोपणनावाने आहे, त्यामुळे समोर कोण आहे ते ठाऊक नाही. तरी उत्तर देतो. प्रतिक्रिया चारच वाक्यांची आहे. मी सोयीचं तेवढं उचललं असं कोणी म्हणायला नको, म्हणून सगळीच इथे उतरवतो:

‘लेखात विज्ञान कमी आणि बुरशीभक्ती जास्त. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या मुळांत ही बुरशी नसतेच, कोणतंही पाठ्यपुस्तक उघडा. जे फायदे सांगितले जातात ते कुंडीतले, शेतात टिकत नाहीत. आणि ग्लोमस मोसी हे नाव बदलून जमाना झाला.’

शेवटापासून सुरू करतो, कारण तिथे आपलं बरोबर आहे. 2010च्या सुमारास या बुरशीचं वर्गीकरण नव्याने मांडलं गेलं आणि ग्लोमस मोसी या तिच्या एका जातीची फनेलिफॉर्मिस मोसी झाली. मी शिकलो तेव्हा बुरशीच्या निम्म्याहून अधिक बरण्यांवर ग्लोमसच लिहिलेलं असे आणि या सगळ्या प्रकारालाच ‘व्हॅम’ (व्हेसिक्युलर-आर्बस्क्युलर मायकोरायझा) म्हणत. जुनं नाव तोंडातून जात नाही. चूक मान्य.

आता ‘भक्ती’. हा शब्द मला झोंबला, ते लपवत नाही. भक्ती म्हणजे न पाहता मानणं. पदव्युत्तर प्रकल्पाची माझी दोन वर्षं मुळं शिजवण्यात गेली. बारीक मुळं धुवायची, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात तासभर तापवायची, आम्लातून काढायची, ट्रिपॅन ब्लूमध्ये रंगवायची, मग सेंटिमीटरभराचे तुकडे काचपट्टीवर ओळीने लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तपासायचे. मूळ काळपट असेल तर रंग दिसत नाही, आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळावं लागतं. खाऱ्या जागेतली मुळं बहुतेक अशीच निघायची. बोटं निळी घेऊन मी लोकांच्या लग्नाला गेलोय. मुळाच्या पेशीच्या आत फांद्या फुटलेलं बुरशीचं ते इवलंसं झुडूप, आर्बस्क्यूल (झाड आणि बुरशी यांची देवाणघेवाण इथेच होते), पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी उभा राहिलो होतो हे खरं. त्याला भक्ती म्हणायचं तर म्हणा. पण मी डोळे उघडे ठेवून उभा होतो.

आणि विज्ञान कमी? लेखातला तिसरा परिच्छेद आपण वाचलात का, अशी शंका येते. तिथे लिहिलं होतं की मिठाचा मार दुहेरी असतो: मातीतलं पाणी असूनही मुळाला ओढता येत नाही, आणि सोडियम पोटॅशियमची जागा बळकावतो. पेशीतली कित्येक विकरं (एन्झाइम्स) पोटॅशियमवर चालतात, तिथे सोडियम घालून काम भागत नाही. बुरशी असलेल्या झाडाच्या पानांत पोटॅशियमचं सोडियमशी प्रमाण बहुधा चांगलं राहतं. खाऱ्या मातीतल्या बीजाणूंमधली मूलद्रव्यं मोजली गेली, तेव्हा पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आत घेतलेली आणि सोडियम बाहेर ठेवलेला आढळला. शिवाय स्फुरद आहेच. तो मातीत जागचा फारसा हलत नाही, मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकर रिकामा होतो, आणि बुरशीचे तंतू त्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जातात. हे फुकट मिळत नाही, झाड आपल्या साखरेतला चांगला वाटा बुरशीला देतं, हेही मीच लिहिलं होतं. भक्त देवाचा खर्च मांडत नाही.

पण खरा वाद ‘नसतेच’ या शब्दाशी आहे. त्यातल्या ‘च’शी.

पाठ्यपुस्तकात काय असतं ते मला माहीत आहे. चंदनबटव्याच्या कुळाला, म्हणजे सॅलिकॉर्निया, सुएडा, ॲट्रिप्लेक्स यांना, या बुरशीचं वावडं आहे असं तिथे लिहिलेलं असतं. खाऱ्या जागी हीच मंडळी डोळ्यांत भरतात. त्यामुळे वाचणारा घाईघाईने निष्कर्ष काढतो की मीठ आहे म्हणून बुरशी नाही. अहो, पण हा गुण कुळाचा आहे. मिठाचा नाही! याच कुळातलं बीट गोड्या मातीत लावा, त्याच्याही मुळांत ही बुरशी जवळपास नसते. मोहरीचं कूळही तसंच, आणि मोहरीला कोणी खारवनस्पती म्हणत नाही.

उलट बाजूही पाहा. युरोपातल्या खाऱ्या दलदलींत ॲस्टर ट्रायपोलियम नावाची शेवंतीच्या कुळातली एक वनस्पती वाढते. भरतीचं पाणी तिच्या मुळांपर्यंत येतं. तिची मुळं रंगवली की आर्बस्क्यूलांनी भरलेली दिसतात, आणि हातभर अंतरावरची सॅलिकॉर्निया जवळपास कोरी. माती एक, मीठ एक. तिथल्या मातीत जे बीजाणू सापडले त्यांत एकाच जातीचं प्राबल्य होतं, ग्लोमस जिओस्पोरम (होय, तीही आता फनेलिफॉर्मिस, लिहिण्याआधी तपासलं). समुद्रापासून दूर, हंगेरी-जर्मनीतल्या खाऱ्या जागांवरही तीच जात पुढे. म्हणजे मिठात काही बुरशा मरतात, काही टिकतात, आणि टिकणाऱ्यांना तिथे आपलं झाड सापडतं. मीठ वाढलं की बीजाणू उशिरा रुजतात, तंतू खुंटतात, मुळातलं प्रमाण घटतं, हे कोणी नाकारत नाही. पण घटणं वेगळं आणि नसणं वेगळं.

सुएडाच्या मुळांत मी स्वतः तंतू पाहिले आहेत. वेसिकल्सही, म्हणजे बुरशीच्या साठवणीच्या पिशव्या, तेलाच्या थेंबांनी टम्म फुगलेल्या. आर्बस्क्यूल? दोन वर्षांत एक, आणि तेही माझ्या मार्गदर्शकांनी ‘हं’ म्हणून सोडून दिलं. शेजारच्या गवताच्या मुळांतून तंतू आत घुसले असतील, देवाणघेवाण काही नसेल, असंही असू शकतं. मी ते पुरावा म्हणून मांडत नाही. बरं, थोडासा मांडतो. ‘कोणतंही पाठ्यपुस्तक उघडा’ हे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या माणसाला सांगायचं वाक्य नव्हे, एवढंच म्हणायचं आहे. आपण किती मुळं रंगवली आहेत, हे विचारणं उद्धटपणाचं होईल, म्हणून विचारत नाही.

कुंडी आणि शेत हा मुद्दा जुना आहे. शेतात आधीपासून स्थानिक बुरशी असते, स्फुरद भरपूर असेल तर झाड बुरशीला फारसं आत घेत नाही, खारटपणा वितीवितीला बदलतो, आणि बाहेरून घातलेली बुरशी त्यात हरवूही शकते. ठीक. त्यावर सवडीने वेगळा लेख लिहीन. एका ओळीच्या टोमण्याला इथे आणखी जागा देणार नाही.

मूळ लेखात दोन दुरुस्त्या केल्या आहेत. एक नावाची, आपल्यामुळे. दुसरी मला माझी सापडली: एके ठिकाणी ‘चोपण’ लिहिलं होतं, तिथे ‘क्षारयुक्त’ हवं होतं. विद्युत वाहकता (मातीत क्षार किती ते दाखवणारं माप) 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) 8.5च्या आत ती क्षारयुक्त. मातीच्या कणांना धरून बसलेला सोडियम 15 टक्क्यांच्या वर आणि सामू 8.5च्या पुढे ती चोपण. चांगली ढळढळीत चूक होती, दुसऱ्याच परिच्छेदात. आपल्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे.