तुम्ही तेच कशावरून?

आमच्या आईच्या मते मी घरबसल्या लोकांना नाही म्हणण्याचा पगार घेतो. पुण्यात या कामाचे कुणी पैसे देतं हेच तिला पटत नाही. तिच्या माहितीतले कितीतरी दुकानदार हे काम वर्षानुवर्षं फुकट करत आले आहेत.

मी एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे. कंपनी हिंजवडीत, मी कोथरूडला डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीत, आणि ज्यांचं लॉगिन अडकतं ती माणसं वाकडपासून गुहागरपर्यंत कुठेही. पासवर्ड टाकला की दुसरी पायरी येते, फोनवरचा कोड. बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. मग मला फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, ते टू-फॅक्टर दोन दिवस बंद करून द्या ना, काम खोळंबलंय."

बंद करणं मला सहज जमतं, म्हणूनच ते करायचं नसतं. पासवर्ड चोराला बहुधा आधीच मिळालेला असतो. माणसं ऑफिसला आणि ऑनलाइन साडीच्या दुकानाला एकच पासवर्ड लावतात, आणि त्या दुकानाची पासवर्डांची यादी कधीच फुटलेली असते. चोर बिचारा दुसऱ्या पायरीशी ताटकळत असतो. त्याला दोन दिवस कशाला, दोन मिनिटं पुरतात.

सोमवारी सकाळी पहिले येतात ते घड्याळवाले. सिंहगड रोडच्या एका गृहस्थांचा कोड रोज चुकीचा ठरायचा. "मी बरोबर टाकतोय, तुमच्या सर्व्हरला सांगा," असं ते मला ठणकावून सांगत. चौकशीअंती कळलं, की कंपनीची बस चुकू नये म्हणून त्यांनी फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलं होतं. बस केव्हाच सुटली, घरून काम सुरू झालं, पण पाच मिनिटं तशीच राहिली.

हा कोड दाखवणारं फोनमधलं ऑथेंटिकेटर ॲप तो कुठून मागवत नाही, स्वतःच काढतं. नोंदणीच्या वेळी क्यूआर कोडातून आलेली एक गुप्त किल्ली आणि 1 जानेवारी 1970 पासून उलटलेले सेकंद, यांचा हिशोब करून दर 30 सेकंदांनी नवे सहा आकडे. सर्व्हरही तिकडे हेच गणित मांडतो, आणि उत्तरं जुळली की दार उघडतं. एखादा कोड मागेपुढे झाला तर सर्व्हर सहसा चालवून घेतो. पाच मिनिटं म्हणजे दहा कोड झाले.

"म्हणजे मी पाच मिनिटांनंतरचा कोड आत्ताच देतोय?"

"हो."

"मग वेळेआधी दिला तर बिघडलं कुठं?"

याचं उत्तर माझ्या मॅन्युअलमध्ये नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन वेळ 'आपोआप' करायला त्यांनी मोठ्या जड मनानं होकार दिला. फोन ठेवताना मात्र खात्री करून घेतली, की भिंतीवरचं घड्याळ पुढे राहिलं तर कंपनीची काही हरकत नाही ना.

गुहागरच्या मुलीची तऱ्हा वेगळी. आजोळी राहून काम करते. घरात फायबरचं इंटरनेट झकास, पण मोबाइलला रेंज नाही, आणि हिचा कोड एसएमएसनं येणारा. रेंज वाडीच्या वरच्या सड्यावर. ही सड्यावर जाऊन कोड घेणार आणि खाली उतरेपर्यंत त्याची मुदत संपणार. इथं एसएमएसचा हट्ट सोडून ॲप लावणं हाच उपाय, कारण ॲपला रेंज लागत नाही, फोन विमान मोडवर टाकला तरी ते चालतं. शिवाय सुरक्षिततेतही ते एसएमएसच्या एक पायरी वर. तुमच्या नावानं कुणी दुसरं सिम काढलं तर एसएमएस त्याच्याकडे जातात, ॲपमधली किल्ली जात नाही. पण ॲप लावायला एकदा तरी आत शिरायला हवं, म्हणजे शेवटचा एक एसएमएस आलाच. त्यासाठी तिनं मामेभावाला लॅपटॉपपाशी बसवलं, स्वतः सड्यावर गेली आणि मध्ये बांधावर आजोबांना उभं केलं. आजोबांनी आकडे खणखणीत आवाजात पुढे पोचवले. अख्ख्या वाडीला कोड कळला. पण तिचा पासवर्ड वाडीत कुणालाच ठाऊक नव्हता, त्यामुळे काही बिघडलं नाही. टू-फॅक्टर म्हणजे काय, हे नव्या भरतीला समजवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. हे कंपनीच्या धोरणात बसतं का, ते मात्र मी कुणाला विचारलेलं नाही.

तसाही कोड मोठ्यानं ओरडायची सवय आपल्याला लागलेलीच आहे. गॅसचा सिलिंडर आला की खालून हाक येते, "ताई, ओटीपी!" आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ताई आकडे सांगतात. तो कोड सांगण्यासाठीच असतो. आपला माल आपल्याला मिळाला, एवढंच तो म्हणतो. लॉगिनचा कोड मेलं तरी सांगायचा नाही. आता दोन्ही आकडे दिसायला सारखे, येतात एकाच फोनवर, मग माणसानं करावं काय? मी नुसतं "हॅलो, हेल्पडेस्क" म्हटलं की पलीकडून सुरू, "हां, घ्या लिहून, चार, आठ, शून्य..." मी "नको, नको, सांगू नका!" असा ओरडतो. स्वयंपाकघरातून आई विचारते, "काय झालं रे? कुणी गेलं का?"

एकांच्या फोनवर कोड नव्हता, फक्त 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोन बटणं यायची. फोन चार्जिंगला लावलेला सासऱ्यांच्या उशाशी. सासरे निवृत्त हेडक्लार्क. आलेली विनंती त्यांनी मंजूर केली. "इतक्यांदा विचारत होता, म्हटलं गरजू असेल." नेमकी ती विनंती जावयाची नव्हती. चोरांना ही चाल चांगली ठाऊक आहे, समोरचा कंटाळून होकार देईपर्यंत विचारत राहायचं. म्हणूनच आता लॉगिनच्या पडद्यावर दिसणारा आकडा फोनवर टाकावा लागतो. मायक्रोसॉफ्टनं त्यांच्या ॲपमध्ये मे 2023 पासून हे सक्तीचं केलं. सासरे त्यावर नाराज आहेत असं ऐकतो.

पण ही सगळी साधी माणसं. खरा प्रसंग साहेबांचा.

शनिवारची दुपार, दीड वाजलेला. या वेळेला पुण्यात फोन करणारा माणूस एक तर परगावचा असतो किंवा संकटात. आमचे एक मोठे साहेब दोन्ही होते. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर नावेत उभं राहून सेल्फी काढताना त्यांचा फोन सिमसकट पाण्यात गेला. त्यांनी तातडीनं बाजारातून नवा फोन घेतला, हॉटेलचं वायफाय जोडलं आणि बायकोच्या नंबरवरून मला फोन लावला.

"मी बोलतोय."

"कोण?"

"अरे, मी! आवाज ओळखत नाहीस?"

"ओळखतो सर. पण आवाजावर ओळखायची परवानगी नाही. तुम्ही तेच कशावरून?"

आई पोळ्या लाटताना थांबली.

अनोळखी नंबर, मोठं पद, भयंकर घाई, "फक्त एकदाच कर", आणि शेवटी "तुझं नाव काय रे?" फसवणाऱ्यांच्या क्लासात जे जे शिकवत असतील, ते सगळं साहेबांनी उपजत करून दाखवलं. सप्टेंबर 2023 मध्ये लास वेगासच्या एमजीएमची हॉटेलं आणि कसिनो ठप्प झाले, जुगाराची यंत्रंसुद्धा बंद पडली. तेव्हाच्या बातम्यांनुसार सुरुवात हेल्पडेस्कला आलेल्या अशाच एका फोननं झाली होती. हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी काय कसिनो लुटणार आहे का? मला एक पीपीटी पाठवायचीय!"

नियम असा, की रेकॉर्डवरच्या नंबरला मी आपणहून उलट फोन करायचा. तो नंबर तळ्याच्या तळाशी. साहेब म्हणाले, नवं सिम आणतो. आणलं तरी बदललेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, नेमके सिमचोरांसाठीच. मग व्हिडिओ कॉल. नुसता तोही चालत नाही. 2024 च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये अरुप कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर साहेब लोकांचे बनावट चेहरे बघून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. म्हणून आमच्याकडे चेहरा हवा, ओळखपत्र हवं आणि ओळख पटवणारा वरिष्ठही हवा, तोही आधीच रीतसर लॉगिन केलेला. साहेबांचे वरिष्ठ न्यूजर्सीत. तिथं पहाटेचे चार.

"अरे, एवढा मोठा माणूस काकुळतीला आलाय," आई कुजबुजली. "दे ना काय ते."

वरिष्ठ पांघरुणासकट कॉलवर आले. फेसबुकवर सापडणार नाही असा एक प्रश्न त्यांनी विचारायचा होता. त्यांनी विचारलं, मागच्या बैठकीत आपण कुणाचं बजेट कापलं? साहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता बरोबर उत्तर दिलं. हेल्पडेस्कचं.

तिघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग मी पाण्यातल्या फोनची नोंद काढून टाकली, एक तास चालणारा आणि एकदाच वापरता येणारा तात्पुरता कोड दिला आणि साहेबांनी नव्या फोनवर ॲप लावलं. "आता हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?" हा प्रश्न विचारणारा माणूस मला फार क्वचित भेटतो, त्यामुळे मी जरा पाघळलो. दोन उपाय सांगितले. एक, दुसरं साधन आत्ताच नोंदवून ठेवा, शक्यतो यूएसबीची सुरक्षा किल्ली, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी लॅपटॉपला लावायची. ती खऱ्या साइटलाच उत्तर देते, हुबेहूब नकली पान समोर आलं तरी फसत नाही. दुसरा, फोन नसताना वापरायचे दहा बॅकअप कोड काढा, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापा, कपाटात ठेवा, कुणाला दाखवू नका.

सोमवारी साहेबांनी विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. उघडं कपाट, कपाटात कागद, कागदावर दहाच्या दहा कोड. खाली लिहिलं होतं, "हेल्पडेस्कच्या सूचनेनुसार पूर्तता केली आहे. सर्वांनी करावी." सतरा जणांनी अंगठा दाखवला होता, दोघांनी हात जोडले होते.

मी ते दहाही कोड रद्द केले आणि रेकॉर्डवरच्या नंबरला फोन लावला.

"सर, तो फोटो तेवढा काढून टाका."

"का रे, आकडे नीट दिसत नाहीयेत का? थांब, ट्यूब लावून पुन्हा काढतो."