नॉर्वे, जपान आणि आपली तलाठी भरती

आठव्या वेतन आयोगाची बातमी आली की व्हॉट्सॲपवर तोच तो मेसेज सुरू होतो. सरकारी नोकर फार झाले, पगार अवाच्या सव्वा झाले, बाहेरच्या देशांत असं नसतं!

नॉर्वेत काम करणाऱ्या दर दहा माणसांत जवळपास तिघं सरकारी. स्वीडन, डेन्मार्क किंचित मागं. आपल्याकडं २०१२ साली केंद्र, राज्य, नगरपालिका, सरकारी कंपन्या सगळं धरून १ कोटी ७६ लाख माणसं होती आणि कमावते हात ४७ कोटींच्या घरात. चार टक्केही भरत नाहीत. तरी ज्याला नोकर फार वाटतात त्यानं तालुक्याला जाऊन जमीन मोजणीचा अर्ज टाकून बघावा.

पगाराच्या बाबतीत मात्र मेसेजवाला अर्धा खरा बोलतो. सातव्या आयोगानं अहमदाबादच्या आयआयएमकडून तुलना करून घेतली होती. सरकारी मदतनीसाला सगळं मिळून २२,५७९ रुपये, खाजगीत त्याच कामाला ८,००० ते ९,५००. जपानमध्ये हा ताळा दरवर्षी घेतात. ठरावीक संख्येच्या वर माणसं असलेल्या खाजगी कंपन्यांचे पगार तपासतात आणि त्यावरून सरकारी पगाराची शिफारस होते. २००९ मध्ये खाजगी पगार पडले, तर तिथं कपातीची शिफारस झाली. आपल्याकडं हा हिशोब दहा वर्षांनी, आणि कपात हा शब्द काढायची कुणाची छाती नाही.

पण म्हणून मदतनीसाचे २२ हजार जास्त झाले का? मला तरी बाहेरचे ८ हजार कमी वाटतात.

२०२३ ला तलाठ्याच्या ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या गटाची फी १,००० रुपये. परभणीत आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत त्यातली बरीच लेकरं बसतात. टेबलाला चिकटवलेलं टाइमटेबल, पाण्याची बाटली, चार्जरसाठी भांडणं. बाप सोयाबीन विकून खोलीभाडं धाडतो. लोक म्हणतात पोरं आळशी. अहो, एमआयडीसीत ठेकेदाराच्या हजेरीवर बारा तास उभं राहायचं, पीएफ भरला का नाही तेही कळायचं नाही. त्यापेक्षा चार वर्षं घासलेली परवडली, असा त्यांचा साधा हिशोब आहे. (लग्नाच्या बाजाराचं तर बोलायलाच नको.)

आणि सरकार स्वतः काय करतं? माझा भाचा एका सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत ऑपरेटर आहे. शेजारच्या खुर्चीवरचे क्लार्क साहेब परमनंट. दाखल्यांची एंट्री हा करतो, सही त्यांची. त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर, याचा दिवाळीच्या तोंडावर तीन महिन्यांचा एकदम आला, तोही एजन्सीचं कमिशन कापून. त्याला वेतन आयोग लागू नाही, कारण कागदावर तो सरकारी माणूसच नाही.

वेतन आयोगानं तुलना करायचीच तर या दोन खुर्च्यांची करावी, आणि राज्य सरकारनं एजन्सीवाल्यांचे आकडे जिल्हावार जाहीर करावेत. नॉर्वेचं मग बघू.